दोन किलोमीटर सरळ पाणी

ग्रेटर नोएडात फॉर्म्युला वनच्या मोटारी पळवायला पाच किलोमीटरहून लांब ट्रॅक आहे. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं तिथे जागतिक शर्यत झाली, तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला, मग कराच्या वादात गाडं अडलं. २०२३ मध्ये त्याच ट्रॅकवर मोटोजीपीच्या दुचाकी धावल्या. शेजारच्या नोएडात पैसा आहे, जमीन आहे, दोन्ही अंगांना नद्या आहेत, एकीकडे यमुना आणि दुसरीकडे हिंडन. तरीही नौकानयनाची, म्हणजे वल्ह्यांच्या होड्यांची, आंतरराष्ट्रीय शर्यत भरवायची म्हटली तर नोएडाला, नोएडालाच कशाला, सगळ्या दिल्ली परिसरालाच हात वर करावे लागतील. त्या शर्यतीला लागतं ते दोन किलोमीटर लांबीचं, सरळ, संथ, खोल आणि स्वच्छ पाणी. यातला एकेक शब्द वेगळा घेतला तर काहीच अवघड वाटत नाही. सगळे एकत्र मागितले की भलेभले देश नकाशे काढून बसतात.

ही अडचण दिल्लीला पहिल्यांदा जाणवली ती १९८२ च्या एशियाडच्या वेळी. आशियाई खेळांत नौकानयनाचा समावेश त्याच वर्षी पहिल्यांदा झाला. उड्डाणपूल बांधले गेले, नवी स्टेडियमं उभी राहिली, देशभर रंगीत टीव्ही आला. नौकानयनासाठी मात्र दिल्लीजवळ जागा मिळेना. शिडाच्या होड्यांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात गेल्या, त्यात नवल नव्हतं. वल्ह्यांच्या शर्यती गेल्या थेट राजस्थानात, जयपूरजवळच्या रामगढ तलावावर. दिल्लीहून हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर. पाण्याच्या खेळासाठी यमुनाकाठ सोडून वाळवंटाच्या दिशेने जावं लागलं, यातली गंमत तेव्हा कुणाच्या लक्षात आली होती की नाही, कोण जाणे.

रामगढचा तलाव म्हणजे बाणगंगा नदीवरचं धरण. जयपूरचे महाराज माधोसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत, विसाव्या शतकाच्या तोंडावर ते बांधलं गेलं आणि पुढे अनेक दशकं जयपूर शहर याच तलावाचं पाणी प्यायलं. १९८१ च्या जुलैत जयपूरला मोठा पूर आला, तलाव भरून वाहिला. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात एशियाड. पावसाळा संपून फार दिवस झालेले नसताना आपल्याकडचे तलाव काठोकाठ असतात आणि वाराही पडलेला असतो. हीच शर्यत मे महिन्यात ठेवली असती तर रामगढलाही कदाचित जमलं नसतं.

तलावात नुसतं भरपूर पाणी असून भागत नाही, ते का, हे कळायला होडीकडे जवळून पाहावं लागेल. एकट्याने वल्हवायच्या नौकेला सिंगल स्कल म्हणतात. तिची लांबी आठ मीटरच्या आसपास, रुंदी पाण्याच्या रेषेवर जेमतेम वीतभर किंवा त्याहून थोडी जास्त, आणि वजन? नियमाने कमीत कमी १४ किलो. म्हणजे एका चांगल्या सायकलीएवढं. कार्बन फायबरची ही पातळ सुरी पाण्यावर ठेवली की स्वतःहून उभी राहत नाही, दोन्ही बाजूंना पसरलेली वल्हीच तिला तोलून धरतात. वल्ही सोडली की माणूस पाण्यात. नाकावर एक पांढरा रबरी चेंडू बसवलेला असतो. धडक झाली तर सुरीचं टोक कुणाच्या पाठीत घुसू नये म्हणून तो सक्तीचा आहे. शिवाय अंतिम रेषेवरच्या छायाचित्रात कोण पुढे, हे त्या चेंडूवरूनच ठरतं.

वल्हवणारा प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसतो. पाय समोर बुटांत बांधलेले, बूट होडीला ठोकलेले, आणि बसायची पाटी रुळांवर पुढे-मागे सरकणारी. बघणाऱ्याला वाटतं हा हातांचा खेळ. खरा जोर मांड्यांचा. गुडघे दुमडून खेळाडू पायांकडे सरकतो, वल्ह्याचं पातं पाण्यात रोवतो आणि पाय झाडून स्वतःला मागे ढकलतो. पाठ उघडते, शेवटी हात छातीशी येतात, पातं बाहेर. मग पुन्हा पायांकडे सरकायचं. हे मिनिटाला ३४ ते ४० वेळा, आणि शर्यत संपेपर्यंत सव्वादोनशेच्या आसपास वेळा. यातली एक गोष्ट सहसा कुणाला पटत नाही. होडीचा वेग सगळ्यात जास्त असतो तो वल्ही पाण्याबाहेर असताना. खेळाडूचं वजन होडीच्या पाचपट-सहापट असतं. ते वजन एका दिशेला सरकतं तेव्हा हलकी होडी त्याच्या खालून उलट दिशेला, म्हणजे पुढे, निसटते. म्हणून चांगला खेळाडू परत सरकताना घाई करत नाही. जोर लावण्यापेक्षा जोर न लावण्याचा तो पाऊण सेकंद शिकायला अधिक वर्षं लागतात.

इतक्या हलक्या, इतक्या अरुंद होडीला पाणी आणि वारा यांचा जो त्रास होतो, तो मोठ्या बोटींतून फिरणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. पाणी उथळ असेल तर होडीने उठवलेली लाट तळाला अडते आणि होडी जणू चिखलात चालल्यासारखी जड होते. एका लेनखाली तळ वर आलेला आणि दुसरीखाली खोल, असं असेल तर शर्यत सुरू होण्याआधीच निकाल लागला. म्हणून आंतरराष्ट्रीय कोर्सला साधारण तीन मीटर तरी खोली लागते, तीही सगळ्या लेनना सारखी. नदी चालत नाही, कारण प्रवाह मध्ये जोरात आणि काठाला मंद असतो. लेनची रुंदी साडेतेरा मीटर. अशा सहा लेन शर्यतीला, शक्यतो दोन राखीव, शिवाय परतीच्या होड्यांसाठी बाजूला वाट. सुरुवातीच्या मागे आणि अंतिम रेषेपुढे मोकळं पाणी. दोन किलोमीटरचे सव्वादोन कधी होतात कळत नाही.

लेन आखायची पद्धत १९६० च्या रोम ऑलिंपिकची देणगी आहे. तिथे शर्यती अल्बानो तलावावर झाल्या. हा तलाव म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं मुख. पाण्याखालून कोर्सच्या लांबीभर पोलादी तारा ताणायच्या आणि त्यांना दर दहा-बारा मीटरवर छोटे बोये बांधायचे, ही युक्ती तिथे पहिल्यांदा वापरली गेली. आजही जगभर तिला अल्बानो पद्धत म्हणतात. शेवटच्या २५० मीटरचे बोये वेगळ्या रंगाचे असतात. वल्हवणाऱ्याची पाठ अंतिम रेषेकडे असल्यामुळे, रंग बदलला की तेवढ्यावरून त्याला कळतं, आता राखून ठेवायचं काही नाही. या तारा ताठ राहायच्या तर पाण्याची पातळी स्थिर हवी. आपल्याकडचे पावसावर भरणारे, शहरांना पाणी पाजणारे आणि उन्हाळ्यात मैदान होणारे तलाव इथेच मार खातात.

आणि वारा. त्याचं काय करायचं हे अजून कुणालाच सुटलेलं नाही. पाठीमागून वारा असला की सगळेच वेगाने जातात, समोरून आला की सगळेच रखडतात. यात अन्याय नाही. अन्याय होतो बाजूच्या वाऱ्याने. एका काठाला झाडी किंवा टेकडी असली तर तिथल्या लेनला आडोसा मिळतो आणि पलीकडच्या लेनमधला बिचारा लाटा खात बसतो. मोठ्या स्पर्धांत यासाठी एक समितीच असते. वारा फारच तिरका झाला की ती लेनची वाटणी बदलते आणि आधीच्या फेरीत वेगवान ठरलेल्यांना आडोशाच्या लेन देते. चिठ्ठ्या टाकून देण्यापेक्षा हे बरं, एवढंच.

वारा काय करतो याचा चोख हिशेब एका मराठी माणसाच्या नावावर मांडता येतो. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलला उतरला होता. रिओची शर्यत शहराच्या मधोमध असलेल्या रॉद्रिगो द फ्रेतास सरोवरावर होती. डोंगरांनी वेढलेली देखणी जागा, पण वारा वेडावाकडा. पहिल्याच दिवशी सर्बियाची दोघांची नौका उलटली, दुसऱ्या दिवशी सगळ्या शर्यती रद्द कराव्या लागल्या. त्या पहिल्या दिवशी दत्तूने दोन हजार मीटरला ७ मिनिटं २१.६७ सेकंद घेतले आणि प्राथमिक फेरीत तिसरा येऊन तो उपांत्यपूर्व फेरीत गेला. काही दिवसांनी, वारा निवळल्यावर, त्याने तेच अंतर ६ मिनिटं ५४.९६ सेकंदांत कापलं आणि एकूण तेरावा आला. तोच माणूस, तेच सरोवर, तोच आठवडा, आणि फरक जवळजवळ २७ सेकंदांचा. अंतराच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या दिवशीचा दत्तू नंतरच्या दत्तूपेक्षा १२० मीटर तरी मागे राहिला असता.

म्हणूनच या खेळात विश्वविक्रम नोंदवत नाहीत, ‘सर्वोत्तम वेळ’ एवढंच म्हणतात. न्यूझीलंडच्या रॉबी मॅन्सनची सिंगल स्कलची ६ मिनिटं ३०.७४ सेकंद आणि जर्मनीच्या आठजणांच्या नौकेची ५ मिनिटं १८.६८ सेकंद, या दोन्ही गाजलेल्या वेळा एकाच स्पर्धेतल्या आहेत, २०१७ च्या जूनमधल्या, पोलंडच्या पोझनान इथल्या माल्टा तलावावरच्या. त्या शनिवार-रविवारी जगातले सगळे उत्तम खेळाडू अचानक बलवान झाले नव्हते. वारा पाठीशी होता.

असं सगळं जिथे आपसूक जुळून आलं आहे अशी जागा म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा रोटसे तलाव. लांबी अडीच किलोमीटरच्या आत-बाहेर, रुंदी अडीचशे मीटर, दोन्ही बाजूंना उंचवटे आणि झाडी, त्यामुळे पाणी तेलासारखं. जणू कुणी पट्टी ठेवून खणला असावा. १९६२ मध्ये नौकानयनाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथेच झाली. स्लोव्हेनियातल्या ब्लेड सरोवरानेही ती चार वेळा भरवली. त्याच्या मधल्या बेटावरचं चर्च पर्यटकांच्या फोटोंतून आपल्याला ओळखीचं असतं, शर्यतीचा कोर्स त्याच्या बाजूने जातो हे सहसा माहीत नसतं. ज्यांच्याकडे असं निसर्गाचं दान नाही ते तलाव खणतात. लंडन ऑलिंपिकच्या शर्यती झालेला डॉर्नीचा आठ लेनचा तलाव एका शाळेच्या मालकीचा आहे. तिथली वाळू आणि खडी वर्षानुवर्षं उपसून विकत गेले आणि खड्डा सरळ रेषेत पडेल एवढी काळजी घेतली. नोएडाच्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातही यमुनेची वाळू कमी उपसली गेलेली नाही. २०१३ मध्ये त्यावरून हा जिल्हा देशभर गाजला होता. तलाव मात्र त्यातून एकही झाला नाही.

नोएडात पाण्याचा मोठा विस्तार पाहायचा तर ओखला बंधाऱ्याकडे जायचं. दिल्लीच्या कालिंदी कुंजला लागून असलेल्या या बंधाऱ्याने यमुना अडवली आणि वरच्या अंगाला तलावासारखं पाणी साचलं. नकाशावर पट्टी ठेवली तर लांबी पुरेल असं वाटतं. पण ते पाणी गाळाने उथळ झालेलं आहे, त्यात पाणकणसाची बेटं आहेत, जलपर्णी आहे, आणि १९९० पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे बदकं आणि रोहित उतरतात. शर्यतीच्या होड्या तिथे घालायचा विचारही करू नये, हे माझं मत. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला दिवाळी-छठच्या सुमारास फेसाचे पांढरे ढीग दिसतात, त्याबद्दल बोलायला नको.

भारताकडे मग पर्याय कोणते होते? १९८९ ची आशियाई नौकानयन स्पर्धा चंडीगढच्या सुखना तलावावर झाली. ल कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांनी १९५८ मध्ये शिवालिकच्या पायथ्याचा एक ओढा अडवून हा तलाव केला. शहराच्या आराखड्यातच तो होता, त्यामुळे काठ सरळ, फिरायला रस्ता, मोटारींना मज्जाव. शिवालिकच्या टेकड्या मात्र भुसभुशीत. पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर माती तलावात उतरली आणि तलाव गाळाने भरत, आकुंचत गेला. लोकांनी श्रमदान करून वर्षानुवर्षं गाळ उपसला. २०२० मध्ये पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने सुखनाला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला. २००५ ची आशियाई स्पर्धा हैदराबादच्या हुसेनसागरवर गेली. सोळाव्या शतकातला कुतुबशाही तलाव, मध्ये बुद्धाचा पुतळा, आणि काठावर उभं राहिलं की येणारा वास. हैदराबादकर त्याची सवय झाली असं सांगतात.

आणि रामगढ? एशियाडनंतर वीस-पंचवीस वर्षांत तो तलाव आटला. पाऊस अगदीच पडेनासा झाला होता असं नाही. बाणगंगेला येऊन मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांवर जागोजागी छोटे बंधारे झाले, पाणलोटात शेतं, फार्महाऊस आणि बांधकामं आली, आणि धरणापर्यंत पाणी पोचणंच बंद झालं. जयपूरने तहान भागवायला बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाकडे धाव घेतली. २०११ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन अतिक्रमणांचा जाब विचारायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने याच कोरड्या तलावावर ड्रोन उडवून कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोग केला. तो बघायला मोठी गर्दी लोटली होती. जिथे आशियातल्या देशांच्या नौका धावल्या, तिथे ढगांना साकडं घालायची वेळ यावी, याला काय म्हणावं.

उत्तर प्रदेशाने २०२३ मध्ये खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा भरवल्या तेव्हा नोएडाही यजमान शहरांपैकी एक होतं. नौकानयन अर्थातच इथे नव्हतं. ते गेलं राज्याच्या दुसऱ्या टोकाला गोरखपूरला, रामगढ ताल नावाच्या सातशे हेक्टरच्या तलावावर. म्हणजे चाळीस वर्षांनी पुन्हा एक रामगढच, जयपूरचं नव्हे एवढंच.

या सगळ्यात महाराष्ट्र कुठे? पुण्यात, आणि बऱ्यापैकी पुढे. बंडगार्डनच्या बंधाऱ्याने मुळा-मुठेचं पाणी थोपून राहतं, त्या आधाराने संगमाजवळ इंग्रजांच्या काळापासून होड्या वल्हवल्या जातात. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा बोट क्लब त्याचा शेजारी. सीओईपीची रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, १९२८ पासून चालत आली आहे. तिच्यात शर्यतीपेक्षा करामतीच जास्त, कायाकमधलं नृत्य, बाणाच्या आकारात एकामागून एक सरकणाऱ्या होड्या, संध्याकाळी काठावर पुणेकरांची गर्दी आणि मुलांचा आरडाओरडा. उन्हाळा जवळ आला की जलपर्णी वाढते. मग रेगाटाआधी ती काढणार कोण, यावर दरवर्षी वर्तमानपत्रांत चर्चा झडते. गंभीर नौकानयन मात्र दापोडीला, लष्कराच्या सीएमईमध्ये, म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या आवारात चालतं. तिथलं आर्मी रोइंग नोड हे आज देशातल्या या खेळाचं माहेरघर आहे. राष्ट्रीय स्पर्धा तिथे होतात, ऑलिंपिकला जाणारे जवळजवळ सगळे तिथूनच जातात.

भारतात नौकानयनात कोण पुढे येतं, हे त्यामुळे आपल्याला वाटेल त्याच्या उलट आहे. नदीकाठचे कोळी, बंगालचे मांझी, केरळच्या सर्पनौका वल्हवणारे यांची नावं पदकांच्या यादीत शोधली तर फारशी सापडत नाहीत. सापडतात ती कोरड्या गावांतली माणसं. २०१० च्या ग्वांगझू आशियाई खेळांत नौकानयनातलं देशाचं पहिलं सुवर्ण मिळवणारा बजरंगलाल ताखर राजस्थानातल्या सीकर जिल्ह्यातला, म्हणजे शेखावाटीतला. टोकियो ऑलिंपिकमध्ये हलक्या वजनाच्या दुहेरीत अकराव्या आलेल्या जोडीतला अर्जुनलाल जाट राजस्थानचा. त्याचा जोडीदार अरविंद सिंह तर अगदी इथला, बुलंदशहरचा. नोएडा ज्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात येतं तो १९९७ मध्ये गाझियाबाद आणि बुलंदशहर यांचे तुकडे जोडूनच झाला आहे. याच जोडीने २०२३ च्या हांगझू आशियाई खेळांत रौप्य मिळवलं आणि भारताने नौकानयनात एकूण पाच पदकं घेतली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेला एकमेव भारतीय वल्हेकरी बलराज पंवार हरयाणातल्या कर्नालचा.

हे सगळे सैन्यातले. सैन्य भरती करताना पाण्याशी ओळख विचारत नाही. उंची, हातापायांची लांबी आणि दम बघतं. लांब हातपाय म्हणजे वल्ह्याचा लांब फेरा, हा या खेळाचा कोरडा हिशेब. पोहायला आणि वल्हवायला नंतर शिकवता येतं, उंची शिकवता येत नाही.

दत्तूची गोष्ट याच साच्यातली, पण जास्त बोचरी. चांदवड हा नाशिकचा दुष्काळी पट्टा, उन्हाळ्यात टँकर ठरलेला. वडील विहिरी खोदायचे, दगड फोडायचे. दत्तू त्यांच्याबरोबर कामाला जायचा, पेट्रोल पंपावरही त्याने नोकरी केली. म्हणजे पाणी ही चीज त्याने पाहिली ती खाली, दगडात, सुरुंगाच्या भोकाच्या पलीकडे असेल तर असेल अशी. वडील गेल्यावर २०१२ मध्ये तो खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला. उंची पाहून प्रशिक्षकांनी त्याला होडीत बसवलं तेव्हा त्याला पाण्याची भीती वाटायची. तिथून चार वर्षांत रिओ. त्या ऑलिंपिकच्या आधी आई अपघातात डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेली होती. तो गेला, तेरावा आला. सिंगल स्कलमध्ये ऑलिंपिकला तेरावा म्हणजे काय, हे आपल्या वर्तमानपत्रांना नीट सांगता आलं नाही. पदक नाही, मग बातमी आतल्या पानावर.

२०१८ च्या आशियाई खेळांत नौकानयन इंडोनेशियातल्या पालेंबांगला, जाकाबारिंगच्या तलावावर होतं. २३ ऑगस्टला दत्तूची वैयक्तिक अंतिम शर्यत होती. तो आजारी होता आणि शेवटचा आला. २४ ऑगस्टला सकाळी तोच दत्तू सवर्णसिंह, ओमप्रकाश आणि सुखमीतसिंह यांच्याबरोबर चौघांच्या नौकेत बसला आणि ६ मिनिटं १७.१३ सेकंदांत भारताने सुवर्ण जिंकलं. यजमान इंडोनेशिया साडेतीन सेकंद मागे. चौघांच्या नौकेत प्रत्येकाच्या हाती दोन वल्ही, एकूण आठ पाती. ती एकाच क्षणी पाण्यात गेली नाहीत तर होडी कलते आणि ती कलली की चौघांनाही सावरण्यात जोर घालवावा लागतो. आदल्या दिवशी ज्याचं शरीर साथ देत नव्हतं त्याला दुसऱ्या दिवशी इतर तिघांच्या तालात बसायचं होतं. मला हे सुवर्ण रिओच्या तेराव्या क्रमांकापेक्षा कमी कौतुकाचं वाटतं, पण ती सकाळ जास्त अवघड वाटते. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

हा खेळ पुढे कुठे जाईल हेही पाण्यावरच ठरतंय. पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून हलक्या वजनाचा गट काढून टाकला आहे. भारतासारख्या देशांना तोच जरा सोयीचा होता, कारण दोन मीटर उंचीच्या युरोपीय खेळाडूंशी त्यात गाठ पडत नसे. त्याच्या जागी २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या शर्यती येताहेत. वाळूवर धावत जाऊन होडीत उडी मारायची, बोयांना वळसे घालत समुद्रात जायचं, परत येऊन पुन्हा वाळूवर धावायचं. त्यासाठीच्या होड्या रुंद आणि दणकट असतात. यात सरळ पाणी नको, खोली मोजायला नको, तारा नकोत. लाटा असल्या तर उलट चांगलंच. लांबलचक किनारा असलेल्या महाराष्ट्राने आणि गोव्याने इकडे बघायला हरकत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात लाट फोडून होडी बाहेर काढणारी पोरं मिळायला जाहिरात द्यावी लागणार नाही. शिवाय त्याच ऑलिंपिकमध्ये नेहमीच्या शर्यतीही दोन हजार मीटरच्या नसतील. लाँग बीचच्या जुन्या कोर्सवर तेवढी जागाच उरलेली नाही म्हणून अंतर दीड हजारावर आणलं आहे. अमेरिकेलासुद्धा पाचशे मीटर पाणी कमी पडलं म्हणायचं.

नोएडाकरांना तोवर यंत्रावर वल्हवता येईल. इथल्या उंच इमारतींच्या जिममध्ये ट्रेडमिलच्या पलीकडे, भिंतीला लागून एक लांबट यंत्र पडलेलं असतं, सरकती पाटी, समोर पंखा आणि साखळीला दांडा. बहुतेक वेळा त्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत असतो. जगभरचे वल्हेकरी हिवाळ्यात याच यंत्रावर घाम गाळतात आणि संघनिवडीत यावरच्या दोन हजार मीटरच्या वेळेला फार किंमत असते, कारण इथे वारा नाही, लेन नाही, सबब नाही. ऑस्ट्रेलियाच्या जॉश डंकली-स्मिथने २०१८ मध्ये यावर ५ मिनिटं ३५.८ सेकंद ही वेळ दिली. आपल्याला तिच्या वाटेला जायचं कारण नाही. टॉवेल बाजूला ठेवायचा, पडद्यावर अंतर २००० लावायचं आणि प्रत्येक ५०० मीटरला किती वेळ लागतो तो आकडा बघत राहायचं. सात मिनिटांत संपवायचं तर तो १ मिनिट ४५ सेकंदांच्या पुढे जाता कामा नये. पहिले ५०० मीटर बहुतेकांना जमतात. तिसरे ५०० चालू झाले की मांड्या आणि फुप्फुसं एकदमच तक्रार करायला लागतात. शर्यती याच टप्प्यात हरल्या जातात असं जुने वल्हेकरी सांगतात.